सांगलीत घरचा मेल सर्व्हर: साध्या फायबरवर चालेल का आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत आहे, स्वतःचं डॉट इन डोमेन आहे. मेल सध्या डोमेनबरोबर आलेल्या होस्टिंगवर चालते. एका खात्याला १ जीबी जागा. ती भरली की समोरच्याची मेल परत जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आठ खाती लागतील: दुकान, हिशेब, वाहतूक आणि घरचे पाच जण. जुनी मेल सगळी मिळून ४० जीबीच्या आसपास. रोज ६०-७० मेल बाहेर जातात, त्यात बहुतेक सौद्याच्या पट्ट्या, बिलं आणि लॉरी रिसीटच्या पीडीएफ.

सर्व्हर विश्रामबागच्या घरी ठेवायचा विचार आहे. हाताशी चौथ्या पिढीचा आय३ डेस्कटॉप आहे, ८ जीबी रॅमचा. घरी १०० एमबीपीएस फायबर आहे, स्थिर आयपी नाही. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होतो. डेबियन चालवता येतं, डीएनएसचं (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) जुजबी कळतं.

या जोडणीवर हे जमेल का? मेलकाऊ, मेल-इन-अ-बॉक्स, आयरेडमेल यांपैकी तयार संच घ्यावा, की पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेल साठवून दाखवणारा) हातानं बसवावेत? आणि लाइट गेली तर त्या वेळात येणाऱ्या मेलचं काय होतं?

मिरज_जंक्शन

आधी जोडणीचं बघू, सॉफ्टवेअर नंतर.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा त्याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) कुणी तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही.

फायबरवाल्याकडून व्यवसायाची जोडणी आणि स्थिर आयपी घ्यायचं ठरवलंत, तर पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. आयपी एकट्या तुमचाच असेल ना? पोर्ट २५ आत आणि बाहेर दोन्हीकडे उघडा आहे ना? त्या आयपीची पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) तुमच्या सर्व्हरच्या नावानं करून देतील ना? आणि तो पत्ता स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत नाही ना?

पीटीआरवर बरेच जण अडकतात. ती नोंद तुमच्या डोमेनच्या डीएनएस पॅनलमध्ये करताच येत नाही. आयपी ज्याच्या मालकीचा, तोच ती करू शकतो. आणि ती दोन्ही बाजूंनी जुळली पाहिजे, म्हणजे नावावरून जो आयपी निघतो त्या आयपीवरून तेच नाव निघालं पाहिजे. पीबीएल ही स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी नाही. ‘या पत्त्यांवरून थेट मेल जाणं अपेक्षित नाही’ अशा पट्ट्यांची ती यादी आहे आणि घरगुती जोडण्यांचे पट्टे तिच्यात असतातच. तुमचं काही न चुकता पहिल्याच दिवशी मेल नाकारली जाते ती यामुळे.

यातलं एक जरी मिळालं नाही तरी त्या आयपीवरून थेट मेल पाठवायच्या भानगडीत पडू नका. मेल घेणं आणि साठवणं घरी सहज जमतं, अवघड असतं ते पाठवणं. म्हणून पाठवण्याचं काम घराबाहेर काढा.

त्यासाठी मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधला २ जीबी रॅमचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या. घरचं यंत्र वायरगार्डनं (इंटरनेटमधून जाणारा कुलूपबंद बोगदा) त्याच्याशी जोडा. जोडणी घरून बाहेर सुरू होते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. फक्त घरच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत वेळी सीजीनॅट ती वाट विसरतो आणि व्हीपीएसकडून आत यायला रस्ता राहत नाही.

व्हीपीएस घेण्याआधी पोर्ट २५ चं विचारा. नव्या खात्यांना बऱ्याच कंपन्या बाहेर जाणारा २५ बंद ठेवतात. काही विनंतीवर उघडतात, गूगल क्लाउडवर तो सहसा बंदच असतो. २५ मिळालाच नाही तर व्हीपीएसवरून पुढे एखाद्या रिले सेवेला (आपली मेल पुढे पोचवणारी कंपनी) पोर्ट ५८७ ने द्या. ॲमेझॉनच्या एसईएसचा मुंबई विभाग आहे, पण नवं खातं सुरुवातीला चाचणी-कुंपणात असतं. पडताळलेल्या पत्त्यांनाच मेल जाते. कुंपणातून बाहेर काढण्यासाठी अर्ज करावा लागतो, तो आधीच करून ठेवा.

आता जिथं सगळ्यात मोठा घोळ होतो ते. व्हीपीएसवर आलेला पोर्ट २५ आयपीटेबल्सनं (लिनक्सचा फायरवॉल) जसाच्या तसा घरी ढकलू नका. सोपं वाटतं, पण मास्करेड (येणाऱ्याचा पत्ता बदलून आपला लावणं) लावलं की घरच्या सर्व्हरला जगातली प्रत्येक जोडणी बोगद्याच्या आतल्या पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. मग एसपीएफची (मेल त्या डोमेननं परवानगी दिलेल्या सर्व्हरवरून आली का, ही) तपासणी फसते, काळ्या यादीची तपासणी फसते. आणि तो आतला पत्ता ‘मायनेटवर्क्स’मध्ये (पासवर्डशिवाय मेल पाठवू द्यायच्या पत्त्यांची यादी) असेल तर तुमचा सर्व्हर उघडा रिले होतो, म्हणजे कुणीही त्यातून मेल पाठवू शकतो. असे सर्व्हर शोधणारी यंत्रं दिवसरात्र फिरत असतात. सकाळपर्यंत आयपी काळ्या यादीत.

त्यापेक्षा व्हीपीएसवरही पोस्टफिक्स बसवा. तिथं ‘रिले-डोमेन्स’मध्ये तुमचं डोमेन, ‘ट्रान्सपोर्ट-मॅप्स’मध्ये घराचा वायरगार्ड पत्ता आणि ‘रिले-रेसिपियंट-मॅप्स’मध्ये आठही पत्त्यांची यादी. ही यादी टाळू नका. ती नसेल तर व्हीपीएस कुठल्याही पत्त्याची मेल घेतो, घरचा सर्व्हर ‘असं खातं नाही’ म्हणतो आणि मग व्हीपीएस परतीची मेल पाठवत बसतो, तीही स्पॅमवाल्यानं खोट्यानं लिहिलेल्या तिसऱ्याच माणसाच्या पत्त्यावर. आयपीचं नाव खराब व्हायला तेवढं पुरतं. नाकारायचं ते दारातच नाकारा, म्हणून स्पॅमची गाळणीही व्हीपीएसवरच हवी.

बाहेर जाणाऱ्या मेलसाठी घरच्या पोस्टफिक्समध्ये ‘रिलेहोस्ट’ म्हणून व्हीपीएसचा आतला पत्ता द्या. व्हीपीएसच्या ‘मायनेटवर्क्स’मध्ये १२७.०.०.१ आणि घराचा तो एकच आतला पत्ता, शेवटी /३२ लावून. अख्खा पट्टा टाकू नका.

गणेशदुर्ग

यंत्र आणि विजेबद्दल.

चौथ्या पिढीचा डेस्कटॉप नुसता चालू असतानाही ३०-४० वॅट खातो. ३५ धरले तर महिन्याला २५ युनिट होतात. एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी अशा कामात १० वॅटच्या आत-बाहेर राहतो, म्हणजे ७ युनिट. पण फरक बिलापेक्षा बॅटरीत जास्त जाणवतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ८४ वॅट-तास. इन्व्हर्टरमधला तोटा आणि बॅटरी पूर्ण न उतरवणं धरून हाती ४५-५० लागतात. मिनी पीसी, ओएनटी (फायबर जोडायचा डबा) आणि राउटर मिळून २० वॅट, म्हणजे दोन तास आरामात निघतात. डेस्कटॉपवर तेच तासाभरात संपेल. बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर याच्या निम्मं धरा.

ओएनटी आणि राउटरही त्याच यूपीएसवर हवेत. सर्व्हर जागा आणि ओएनटी झोपलेला, असं बऱ्याच घरांत असतं. घरात इन्व्हर्टर असला तरी मधे यूपीएस ठेवा, कारण इन्व्हर्टरवर येतानाच्या झटक्यानं काही मिनी पीसी रिस्टार्ट होतात. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय ‘ऑन’ करा. यूपीएसला यूएसबी असेल तर नट हे सॉफ्टवेअर लावा, म्हणजे बॅटरी संपत आली की यंत्र नीट बंद होतं.

रास्पबेरी पाय चालेल, पण मेमरी कार्डवर मेल ठेवू नका. मेल सर्व्हर सतत बारीकबारीक लिहीत असतो, रांगेत एकदा, खात्यात एकदा, लॉगमध्ये एकदा. असल्या लिखाणानं कार्ड लवकर मरतं. ५०० जीबीची एसएसडी घ्या, ४० जीबीला ती पुष्कळ झाली.

लाइट गेल्यावर मेल हरवते का, तर नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर ती रांगेत ठेवतो आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. किमान चार-पाच दिवस प्रयत्न करावा अशी मेलच्या मानकाची शिफारस आहे, पोस्टफिक्सची मूळ मुदतही ५ दिवसांचीच. जंक्शन म्हणतात तसा व्हीपीएस पुढे असेल तर पाठवणाऱ्याला काही कळतही नाही, मेल व्हीपीएसच्या रांगेत थांबते आणि घरची जोडणी आली की उतरते. अडतं ते घरून बाहेर पाठवायचं आणि फोनवर जुनी मेल बघायचं.

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते सांगलीकरांना सांगायला नको. यंत्र वरच्या मजल्यावर ठेवा आणि बॅकअपची डिस्क नदीच्या बाजूच्या पेठेत ठेवू नका. पूर आला तर घर कोरडं राहूनही वीज आणि फायबर कित्येक दिवस बंद राहू शकतात. पावसाळ्यापुरती व्हीपीएसवर रांगेची मुदत ५ वरून १० दिवस केलीत तर बरं.

बॅकअपसाठी रेस्टिक हा प्रोग्राम. रोज रात्री, एन्क्रिप्ट होऊन, दुसऱ्या गावातल्या डिस्कवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजवर. मेलडिर ढाच्यात प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते, त्यामुळे पहिल्या दिवसानंतर फक्त नवी मेलच वर जाते. मेलडिरबरोबर डीकेआयएमची (बाहेर जाणाऱ्या मेलवरची डिजिटल सही) खाजगी किल्ली, वायरगार्डच्या किल्ल्या आणि दोन्ही यंत्रांच्या सेटिंगच्या फाइलीही घ्या. आणि रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा.

टपालपेटी

आता सॉफ्टवेअर. प्रश्न चांगला आहे, फक्त उत्तर रॅमपेक्षा ‘दोन वर्षांनी हे कोण सांभाळणार’ यावर ठरतं.

मेल-इन-अ-बॉक्स तुमच्यासाठी नाही. त्याला अख्खं यंत्र लागतं, तेही नुकत्याच बसवलेल्या उबंटू २२.०४ चं आणि थेट सार्वजनिक आयपीवरचं. डीएनएससुद्धा तोच सांभाळू बघतो आणि हातानं केलेले बदल पुढच्या अपडेटला पुसतो. सीजीनॅटमागची मांडणी त्याच्या हिशेबातच नाही.

मेलकाऊ देखणं आहे. डॉकरवर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरांत चालवणारी सोय) चालतं, सगळं वेबवरून करता येतं, सोगोमुळे फोनवर कॅलेंडर आणि संपर्कही जुळतात. पण ६ जीबी रॅम आणि वर १ जीबी स्वॅप ही त्याची किमान मागणी आहे. तुमच्या ८ जीबीवर बसेल. मात्र बिघडलं तर डझनभर कंटेनरांपैकी कुठल्या लॉगमध्ये बघायचं, हे आधी माहीत हवं. घरात कुणालाच कमांड लाइन नको असेल तर हेच घ्या.

आयरेडमेल एका स्क्रिप्टनं बसतं, पण पुढच्या आवृत्त्यांना पायरीपायरीनं हातानं न्यावं लागतं. मधल्या दोन आवृत्त्या राहून गेल्या की काम किचकट होतं. स्टॉलवर्ट मला आवडतं, रस्टमधला एकच प्रोग्राम सगळं करतो. पण अजून झपाट्यानं बदलतंय, दुकानाच्या बिलांसाठी थोडं थांबा.

तुम्हाला डेबियन येतं, खाती आठ आहेत, तर माझं मत स्पष्ट आहे: पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि आरस्पॅमडी (स्पॅमची गाळणी). सुरक्षेचे अपडेट पॅकेजमधून येत राहतात आणि काही अडलं तर दोन-तीन दशकांचं लिखाण हाताशी आहे.

आवृत्तीचं मात्र बघा. डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ आहे आणि त्याची सेटिंग लिहायची पद्धत २.३ पेक्षा वेगळी आहे. मेल कुठं ठेवायची हे आधी एका ओळीत सांगायचो, आता ‘मेल-ड्रायव्हर’ आणि ‘मेल-पाथ’ अशा दोन ओळी. प्रमाणपत्राच्या ओळींची नावंही बदलली. फाइलीत सर्वांत वर ‘डव्हकॉट-कॉन्फिग-व्हर्जन’ नसेल तर तो सुरूच होत नाही. इंटरनेटवरचे बहुतेक धडे २.३ चे आहेत. ते पाहून १३ वर काम करायला गेलात तर डव्हकॉट उठणार नाही, आणि चूक कुठं आहे हे शोधण्यात दिवस जाईल. नवी सुरुवात आहे तर १३ च घ्या, पण धडा २.४ चा शोधा.

आठ खात्यांसाठी मायएसक्यूएल नको. एक पासवर्ड फाइल पुरते, एका ओळीत एक खातं. पासवर्ड ‘डव्हअॅडम’ या डव्हकॉटच्याच कमांडनं आर्गॉन२आयडी किंवा बीक्रिप्ट या सांकेतिक रूपात बनवा. ‘व्हीमेल’ नावाचा एकच लिनक्स वापरकर्ता काढा, सगळी मेल त्याच्या मालकीची. पोस्टफिक्सकडून डव्हकॉटकडे मेल एलएमटीपीनं (सर्व्हरच्या आत मेल सोपवायची पद्धत) द्या, म्हणजे सिव्हचे (मेल वेगवेगळी लावण्याचे) नियम चालतात. हिशेबाची मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये वगैरे.

फोन आणि संगणक मेल पाठवतील ते पोर्ट ४६५ वरून, सुरुवातीपासून टीएलएस (कुलूपबंद जोडणी). वाचतील ते ९९३ वरून. पोर्ट २५ वर पासवर्ड घ्यायचाच नाही, तो फक्त सर्व्हर-सर्व्हरमधल्या बोलण्यासाठी. लॉगिन ज्याचं त्याच्याच पत्त्यावरून मेल जावी, यासाठी ‘रिजेक्ट-सेंडर-लॉगिन-मिसमॅच’ लावा. एखाद्याचा पासवर्ड फुटला तर नुकसान तेवढ्यावर राहतं.

पीडीएफवाल्यांनी हमखास बघायची गोष्ट म्हणजे ‘मेसेज-साइझ-लिमिट’. पोस्टफिक्समध्ये ती मुळात १,०२,४०,००० बाइट असते. जोडलेली फाइल बेस६४ मध्ये जाताना एक तृतीयांशानं फुगते, त्यामुळे साडेसात एमबीच्या पुढचं स्कॅन अडकतं. जीमेल २५ एमबीपर्यंत पाठवू देतं, म्हणून ३,५०,००,००० करा. दोन्ही यंत्रांवर सारखी. व्हीपीएसवर मोठी आणि घरी लहान असेल तर व्हीपीएस मेल स्वीकारतो आणि मग त्याला ती परत पाठवावी लागते.

व्हीपीएसवर आरस्पॅमडीबरोबर रेडिस (त्याच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस) आणि अनबाउंड (स्वतःचा डीएनएस) बसवा. अनबाउंड का? स्पॅमहाउसची यादी ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारली की खरं उत्तर येत नाही, १२७.२५५.२५५.२५४ येतं. ‘तुम्ही सार्वजनिक डीएनएसमधून विचारताय’ एवढाच त्याचा अर्थ. काही जुन्या सेटिंगमध्ये कुठलंही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असं धरलं जातं, आणि मग चांगली मेलही सरसकट परत जाते. स्वतःचा अनबाउंड थेट विचारतो, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

आरस्पॅमडीचे मूळ आकडे असे आहेत: ४ गुणांना ग्रेलिस्ट, ६ ला स्पॅमची खूण, १५ ला नकार. ग्रेलिस्ट म्हणजे ‘पाच मिनिटांनी या’. बँकेचा किंवा जीएसटीचा ओटीपी त्यात अडकला तर येईपर्यंत मुदत संपलेली असते. माझ्या मते छोट्या दुकानाला ग्रेलिस्टची गरज नाही, ती बंदच ठेवा. क्लॅमएव्ही हा व्हायरस शोधणाराही नको, व्हायरसच्या खुणांच्या यादीसकट १ जीबीहून जास्त रॅम घेतो. त्याऐवजी ईएक्सई, जेएस, आयएसओ असल्या फाइली दारातच नाकारा. हळदीच्या सौद्यात असली फाइल कुणी पाठवत नाही.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून एक वेगळं मत. व्हीपीएस घ्यायचाच आहे तर सगळी मेल तिथंच का नाही ठेवायची? ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क, एकच पोस्टफिक्स, एकच डव्हकॉट. घरच्या यंत्रावर रोजचा बॅकअप. बोगदा नाही, दोन रांगा नाहीत, पूर-वीज-फायबर यांची काळजी नाही. सांधे जितके कमी तितकं गळणं कमी.

मिरज_जंक्शन

@अजिंक्यतारा, फक्त चालू राहण्याचं बघितलं तर तुमचं बरोबर आहे, आणि धागाकर्त्यांनी हा पर्याय नक्की तोलावा. पण माझा कल घराकडे आहे. ४० जीबी मेल म्हणजे गिऱ्हाइकांचे भाव, शेतकऱ्यांची बँक खाती, घरच्यांची पत्रं. आत्ताच्या मांडणीत व्हीपीएसवर फक्त वाटेत असलेली मेल असते, एरवी काही सेकंदच. त्याचं भाडं भरायचं राहिलं किंवा कंपनीनं खातं गोठवलं, तर दुसरा व्हीपीएस घेऊन एमएक्स (मेल कुठं द्यायची ते सांगणारी डीएनएस नोंद) बदलला की संध्याकाळी पुन्हा चालू. एकही जुनी मेल जात नाही. आणि दुकानाचा डेटा वाढेल तसं व्हीपीएसच्या डिस्कचं भाडं वाढत जातं, एसएसडी एकदाच घ्यायची.

महिन्यातून तासभर लॉग आणि अपडेट बघायला माणूस नसेल, तर मात्र दोन्ही सोडा आणि खात्यामागे पैसे घेणारी तयार सेवा घ्या.

टपालपेटी

डीएनएसचं राहिलं होतं, लिहितो.

एमएक्सची नोंद व्हीपीएसच्या नावाकडे करा आणि त्या नावाला ए नोंद (नावावरून थेट आयपी) हवी, सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) चालत नाही. व्हीपीएसच्या पॅनलमध्ये पीटीआर त्याच नावाची करा आणि पोस्टफिक्सच्या ‘मायहोस्टनेम’मध्येही तेच नाव.

एसपीएफची टीएक्सटी नोंद एकच असावी. जुन्या होस्टिंगची एक आणि नवी एक अशा दोन राहिल्या तर दोन्ही बाद होतात. तिच्यात ‘एमएक्स’ पुरतं, रिले सेवा वापरलीत तर तिचा ‘इन्क्लुड’. सगळं धरून डीएनएसच्या १० चौकशांची मर्यादा आहे, ती ओलांडली की एसपीएफ नापास.

डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटची करा. टीएक्सटीमधली एक ओळ २५५ अक्षरांपुढे जात नाही, म्हणून किल्ली दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. काही पॅनल स्वतः तोडतात, काही शेपूट निमूट कापून टाकतात. सेव्ह केल्यावर ‘डिग’ ही कमांड लावून पूर्ण किल्ली बाहेर दिसते का ते बघा. घरून बोगद्यातून येणारी मेल आरस्पॅमडी स्थानिक धरतो, त्यामुळे तिच्यावर सही आपोआप होते.

डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सुरुवातीला ‘नन’वर ठेवा, अहवालासाठी वेगळा पत्ता द्या. दोन-तीन आठवडे अहवालांत फक्त तुमचाच आयपी दिसत असेल तर ‘क्वारंटाइन’ करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम, पीटीआर आणि टीएलएस हवं असतं. रोज ५,००० मेल पाठवणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीची. तुमच्या ६०-७० मेलना डीमार्क सक्तीचं नसलं तरी करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

व्हीपीएसला आयपीव्ही६ असेल आणि त्याची पीटीआर केली नसेल तर जीमेल मेल नाकारतं. बाकी सगळं बरोबर असूनही. एकतर तीही पीटीआर करा, नाहीतर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मिनी पीसी आणि व्हीपीएस, असं ठरवतोय. आणखी तीन शंका. जुन्या होस्टिंगवरची मेल आणि फोल्डर जसेच्या तसे कसे आणायचे? फिरतीवर असताना फोनवरून मेल कशी बघायची, कारण ९९३ पण सीजीनॅटमागेच राहणार. आणि आत्ताच नुसत्या चाचणीसाठी पोस्टफिक्स बसवून फोनवरून जीमेलला मेल पाठवली तर ‘५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड’ येतंय.

मिरज_जंक्शन

शेवटच्यापासून. ५ ने सुरू होणारा नकार कायमचा, ४ ने सुरू होणारा तात्पुरता, लॉग वाचताना एवढं लक्षात ठेवा. तुमचा ५५४ म्हणजे पोस्टफिक्स आपलं काम चोख करतोय. फोन पासवर्ड न देता पोर्ट २५ वरून बाहेरच्या पत्त्याला मेल पाठवायला सांगतोय आणि तो नाही म्हणतोय. फोनमध्ये पोर्ट ४६५, एसएसएल-टीएलएस, वापरकर्तानाव म्हणून पूर्ण पत्ता असं करा. हा नकार घालवण्यासाठी ‘मायनेटवर्क्स’ वाढवा असा सल्ला कुठं वाचलात तर तो ऐकू नका.

फोनवर वायरगार्डचं ॲप टाका आणि प्रत्येक फोनला व्हीपीएसवर स्वतंत्र किल्ली आणि आतला पत्ता द्या. ‘अलाउड आयपीज’मध्ये घराच्या यंत्राचा तेवढा एक पत्ता लिहा, म्हणजे फोनचं बाकीचं इंटरनेट नेहमीच्या वाटेनंच जाईल. मेलच्या नावाला आतला आयपी मिळावा म्हणून एक वेगळं उपनाव काढून त्याची ए नोंद सरळ १० च्या पट्ट्यातली केली तरी चालते. व्हीपीएसवर ९९३ सर्वांसाठी उघडून मास्करेडनं घरी ढकललात, तर फेलटूबॅनला (चुकीचे पासवर्ड देणाऱ्या पत्त्यावर बंदी घालणारा प्रोग्राम) सगळे एकाच पत्त्यावरून आलेले दिसतील. कुणीतरी बाहेरचा पासवर्ड चाचपून बघेल आणि बंदी अख्ख्या घरावर बसेल. उघडायचंच असेल तर एचएप्रॉक्सी आणि प्रॉक्सी प्रोटोकॉलनं (येणाऱ्याचा खरा पत्ता पुढे कळवणारी पद्धत), डव्हकॉटला तो समजतो.

टपालपेटी

मेल आणायला आयमॅपसिंक हा प्रोग्राम. एकेका खात्याला जुन्या सर्व्हरचं आणि नव्याचं लॉगिन द्यायचं, तो फोल्डर, तारखा, वाचलेल्या-न वाचलेल्याच्या खुणा सगळं आणतो, आणि पुन्हा चालवला तर फक्त नवीन आलेलं उचलतो. काही जुने सर्व्हर फोल्डरांच्या नावात ठिपका वापरतात, काही तिरपी रेघ. म्हणून आधी ‘ड्राय’ पर्यायानं यादी बघून घ्या. ‘सेंट’ आणि ‘सेंट आयटम्स’ असे दोन फोल्डर तयार होणार असतील तर तिथंच दिसतं.

क्रम असा ठेवा. एमएक्स बदलायच्या दोन दिवस आधी त्याचा टीटीएल (इतरांनी जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ) ३०० सेकंद करा. पहिलं आयमॅपसिंक तेव्हाच चालवा, ४० जीबीला वेळ लागतो. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर एमएक्स बदला, रविवारी दुसरं आयमॅपसिंक. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, उशिरा जाग आलेले डीएनएस काही दिवस तिकडंच मेल टाकत राहतात. महिनाभर ठेवा आणि शेवटी तिसऱ्यांदा सिंक करून मग सोडा.

प्रमाणपत्राचं विसरू नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. घरचं यंत्र बाहेरून पोर्ट ८० वर दिसत नाही, तेव्हा एचटीटीपीची पडताळणी चालणार नाही, डीएनएसची वापरा. त्यासाठी तुमच्या डीएनएसवाल्याकडे एपीआय हवा. नसेल तर डोमेन तिथंच ठेवून नेमसर्व्हर एपीआय देणाऱ्याकडे न्या. नवं प्रमाणपत्र डिस्कवर आलं तरी चालू असलेला डव्हकॉट जुनंच हातात धरून बसतो, म्हणून प्रमाणपत्र आणणाऱ्या सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय-हुक’मध्ये डव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोन्हींचं रीलोड लिहा. मुदत संपत आल्याची मेल लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे ९९३ वरच्या प्रमाणपत्राची तारीख रोज बघून १५ दिवस उरले की फोनवर कळवणारी एक क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची) ओळ टाका. ती सूचना याच सर्व्हरच्या मेलवर न पाठवता एसएमएस किंवा टेलिग्रामवर पाठवा.